फोटोत न येणारं वजन

तलवार माशाबरोबर काढलेले फोटो सगळे एकाच साच्याचे. दोन-तीन घामेजलेली माणसं, त्यांच्या हातांवर आडवा तोललेला जांभळट-काळा मासा आणि चौकटीबाहेर जाऊ पाहणारं त्याचं लांब चपटं पातं. फोटोत कधी न येणारी वस्तू म्हणजे पाच किलोचं सिमेंटचं ढेकूळ. फोटो निघतो तेव्हा ते बहुतेक वेळा अर्धा किलोमीटर खाली चिखलात रुतलेलं असतं. श्रेय काठी घेते, रीळ घेते, कप्तान घेतो. ढेकळाचं नाव कोणी काढत नाही. गरवणाऱ्यांच्या बैठकीत मात्र सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरच होतात.

गरवणं हा गोव्यात पेडण्याकडचा जुना नाद. केरीला तेरेखोलच्या मुखाशी, मोरजीकडे शापोऱ्याच्या पात्रात, हरमलच्या खडपांवर संध्याकाळी गरी टाकून बसलेली माणसं दिसतात. चोणक, तांबोशी, गोबरा, नशिबात असेल ते. पाणी दोन पुरुष, फार तर पाच पुरुष. दोरी बोटावर घेतली की खाली वाळू आहे की खडप, खेकडा चारा कुरतडतोय की मासा हुंगतोय, हे जाणत्याला कळतं. हेच काम पाचशे मीटर पाण्यात करायचं, तेही भरदिवसा, हे मी केरीच्या एका वयस्कर तांडेलाला सांगत होतो. त्याने विडी विझवली आणि एकच विचारलं: "दोरी जातली रे. पण निरोप वर कसो येतलो?"

दिवसा तलवार मासा पकडण्याची जेवढी साधनं आजवर निघाली, ती सगळी या एका प्रश्नाच्या मागे लागलेली आहेत.

आधी माशाची सवय सांगायला हवी. तलवार मासा रात्री वरच्या पाण्यात असतो आणि उजाडलं की खाली उतरतो, चारशे, पाचशे, कधी सहाशे मीटरपर्यंत. माकूल आणि बारके मासे प्रकाशाला भिऊन दिवसा खाली दडतात, हा त्यांच्या मागे जातो. त्यामुळे काठी-रिळावर त्याला पकडायच्या जगभर दोन रीती होत्या. पहिली म्हणजे जिथे तो दिवसा पृष्ठभागावर ऊन खात पडतो तिथे त्याचा पर बघून हळूच चारा पुढे करायचा. विल्यम बॉशन याने १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ काठी-रिळावरचा पहिला तलवार मासा असाच घेतला, ३५५ पौंडांचा. रिळाच्या आत बसवलेला ताऱ्याच्या आकाराच्या चाकाचा ड्रॅग, म्हणजे सुटत्या दोरीला लागणारा ब्रेक, तेव्हा नवा होता आणि तो बॉशनच्याच आग्रहाने झाला होता. लुई मॅरन याने ७ मे १९५३ रोजी चिलीतल्या इकिके इथे घेतलेला ५३६ किलोचा मासा आजही जागतिक विक्रम आहे. दुसरी रीत रात्रीची: दिवे लावायचे, बोट प्रवाहाबरोबर सोडून द्यायची आणि शंभरेक मीटरवर चारा लोंबवायचा. १९७०च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात याचं वेडच लागलं होतं.

दिवसा मासा तळाशी असतो हे मात्र कोणाला माहीत नव्हतं असं नाही. १९६७च्या जुलै महिन्यात अमेरिकेची 'अल्व्हिन' ही संशोधन पाणबुडी अटलांटिकच्या तळाशी, सुमारे सहाशे मीटरवर उतरली होती. तिथे एका तलवार माशाने तिच्यावर झडप घातली आणि त्याचं पातं पाणबुडीच्या सांध्यात असं अडकलं की त्याला सुटता येईना. मोहीम सोडून पाणबुडी वर आली, बरोबर मासाही आला. त्या रात्री जहाजावर त्याचंच जेवण झालं. तलवार मासा दिवसा तळाशी असतो याचा पुरावा असा ताटात वाढून ठेवला होता, पण काठी-रिळावर गरवणाऱ्यांना तो उचलायला जवळजवळ छत्तीस वर्षं लागली.

व्हेनेझुएलात काही जणांनी दिवसा खोल गरी टाकून पाहिली होती. ती बातमी धरून फ्लोरिडातल्या इस्लामोराडाच्या बड एन मेरीज या धक्क्यावरचे रिचर्ड स्टॅन्झिक आणि व्हिक गॅस्पेनी २००३ साली भरदिवसा गल्फ स्ट्रीममध्ये गेले. गल्फ स्ट्रीम म्हणजे तीन-चार नॉटने उत्तरेला पळणारं पाणी. त्यात पंधराशे-सतराशे फुटांवर चारा तळाजवळ ठेवायचा म्हणजे पावसाळ्यात भरलेल्या मांडवीच्या मध्यभागी उभं राहून पतंग उलटा खाली उडवण्यासारखं आहे. त्यांना मासा मिळाला, एक नव्हे बरेच मिळाले, आणि काही वर्षांत रात्रीची रीत तिथे मागे पडली.

मराठी वाचकाला खोल गरीची ओळख आहे ती पु. ल. देशपांड्यांच्या 'एका कोळियाने'मुळे. त्यातल्या म्हाताऱ्याचा मासा शंभर वावांवर लागतो, म्हणजे सहाशे फुटांवर. इथली गोष्ट त्याच्या अडीच-तीन पट खालची. आणि त्या खोलीवर म्हाताऱ्याच्या हातातली दोरी मुकी होते.

मुकी का होते, त्याचा हिशेब सोपा आहे. साधा नायलॉन ताण पडला की लांबीच्या पाचव्या हिश्शापर्यंत ताणतो. पाचशे मीटर नायलॉन सोडला तर त्यातले शंभर मीटर नुसते लवचीकपणात जातात. खाली माशाने चारा ओढला तर तो ताण वाटेतच विरतो, काठीच्या टोकाला कळत नाही. शिवाय ऐंशी पौंडी नायलॉन जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. पाचशे मीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद म्हणजे अर्धा चौरस मीटर. एवढं शीड आपण प्रवाहात आडवं धरून बसलेले असतो, मग दोरीचा पोट सुटलेला कमानदार बाक होणारच. १९९०च्या दशकात पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणलेली दोरी आली आणि हे दोन्ही प्रश्न एकदम सुटले. ती तीन-चार टक्क्यांहून जास्त ताणत नाही आणि तेवढ्याच ताकदीची दोरी निम्म्याहून कमी जाडीत मिळते. म्हापशाच्या बाजारात आज ती सहज मिळते, चोणकवाले वापरतात. दिवसाची तलवार-शिकार शक्य झाली ती या दोरीमुळे. रिळाची मोटार वगैरे नंतरचं कौतुक.

मोटारीबद्दलही एक आतली गोष्ट आहे. पाचशे मीटर दोरी, वजन आणि चारा तपासायला हाताने वर आणायचा म्हणजे एका फेरीला वीस मिनिटं घाम गाळायचा, तोही बहुतेक वेळा रिकाम्या गरीसाठी. म्हणून विजेवर चालणारी रिळं आली. पण आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना यांत्रिक रिळावरचा मासा विक्रमात धरत नाही. त्यामुळे काही बोटींवर दोन्ही प्रकारची रिळं असतात: ग्राहकाला मासा हवा असेल तर मोटार, नाव हवं असेल तर हात.

मुख्य दोरीच्या टोकाला तीस-पंचेचाळीस मीटरचा जाड नायलॉनचा लीडर, अडीचशे-तीनशे पौंडांचा. इथे ताणणारा नायलॉनच हवा, कारण मासा बोटीजवळ येऊन झटका देतो तेव्हा काहीतरी लवचीक लागतं, आणि पातं घासलं तरी तो तुटायला नको. शेवटी एकच मोठी गरी. चारा म्हणजे अख्खी माकूल, जिला गोव्यात माणकी म्हणतात, किंवा कुप्याच्या पोटाची दीड वीत लांब पट्टी. ती गरीला नुसती टोचत नाहीत, जाड दोऱ्याने शिवतात. मासा आधी पात्याने चारा मारतो आणि मग गिळायला वळतो. टोचलेला चारा पहिल्याच फटक्यात गरीवरून उडतो. मोठ्या तलवार माशाला दात नसतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. सगळी भिस्त त्या पात्यावर.

चाऱ्याच्या काही मीटर वर एक छोटा लुकलुकणारा दिवा. तिथल्या काळोखात दिवा कशाला, याचं उत्तर माशाच्या डोळ्यात आहे. वुड्स होलचे फ्रँक कॅरी यांनी १९८२ साली दाखवलं की तलवार माशाच्या डोळ्याला लागून असलेला एक स्नायू हालचाल करत नाही, फक्त उष्णता बनवतो. बाहेरचं पाणी दहा अंशांचं असलं तरी मेंदू आणि डोळे दहा-पंधरा अंशांनी उबदार राहतात. थंड डोळा सावकाश पाहतो, उबदार डोळा लवकर. २००५ साली डोळ्यातल्या पडद्यावर थेट प्रयोग करून हे पडताळूनही झालं. पळती माकूल त्याला दिसते, माकुलीला तो तितक्या वेगाने दिसत नाही.

आता वजन. चारा तळाजवळ नेऊन ठेवायला चार-पाच किलो लागतात. शिसं सगळ्यात उत्तम, पण महाग, आणि विषारी धातू फेरीगणिक समुद्रात टाकणं मनाला पटत नाही. म्हणून सिमेंट. वजन लीडरच्या वर कच्च्या दोऱ्याने बांधायचं: मासा लागला आणि जोर झाला की दोरा तुटून ढेकूळ खाली राहिलं पाहिजे. पेडण्याच्या खडपांवर गरवणारे सुतळीने दगड बांधतात ते याच बेताने. दगड अडकला तर सुतळी जाऊ दे, गरी वाचली पाहिजे. फ्लोरिडावाल्यांनी शोधलं असं त्यांना वाटतं ते इथल्या पोरांना आठव्या वर्षी येतं.

दोन लिटरच्या बाटलीत काँक्रीट ओतलं की पावणेपाच किलो भरतं. पण पाण्यात ढेकूळ स्वतःच्या आकाराएवढं पाणी बाजूला सारतं आणि तेवढं वजन हरवतं. खाली पावणेतीन किलोच पोचतात. शिशाचं तेवढंच वजन पाण्यात सव्वाचार किलोंच्या पुढे राहतं. हा हिशेब चालू असताना आमच्या बैठकीतल्या डिचोलीच्या मित्राने आपल्या अंगणातून लोहखनिजाचं ढेकूळ आणून टेबलावर ठेवलं. खाणी ऐन भरात असताना मांडवीतून बार्जेसनी मुरगावला गेलेल्या मालातलं हे मागे राहिलेलं, ट्रकमधून पडलेलं. पाण्याच्या चौपट जड धरलं तरी पावणेपाच किलोचं ढेकूळ पाण्यात साडेतीन किलो उरतं, आणि आकाराने लहान म्हणून प्रवाहालाही कमी सापडतं. सिमेंट हरलं. मग तिथल्याच एका वकील पाहुण्याने शांतपणे विचारलं की या खनिजाची रॉयल्टी भरली आहे का. डिचोलीच्या प्रयोगाचा तिथेच शेवट झाला. ठरलं ते असं की सिमेंटचीच ढेकळं ओतायची, आणि प्लास्टिकची बाटली कापून काढल्याशिवाय ती बोटीवर घ्यायची नाही, एवढं मात्र मी भांडून करून घेतलं.

गरी सोडण्याची रीत पाहिली तर बोट चालवणाराच खरा गरवतो असं म्हणावं लागतं. बोट पुढे चालू ठेवायची, आधी चारा आणि लीडर मागे सरळ पसरू द्यायचा, मग वजन सोडायचं. उभ्या बोटीवरून सगळं एकदम सोडलं तर लीडर दोरीभोवती गुंडाळतो आणि अर्धा तास गुंडाळी खाली पाठवून आपण वाट बघत बसतो. वजन तळाला टेकलं की दोरी सैल पडते. तेवढ्यात पंधरा-वीस मीटर वर घ्यायची आणि मग बोटीचं नाक प्रवाहात धरून जागेवर ठेवायची, इंजिनाला इतकीच गती द्यायची की दोरी उभी राहील. दोरी तिरकी झाली म्हणजे चारा कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही. दिवसभरात कप्तान दोरीच्या कोनाखेरीज कशाकडेही पाहत नाही. जेवणसुद्धा हातात आणून द्यावं लागतं.

आणि मासा लागतो तेव्हा काही होत नाही. म्हणजे नवख्याला दिसेल असं काही होत नाही. शेकडो किलोच्या माशाचा निरोप काठीच्या टोकाला दोन बोटांच्या थरथरीएवढा येतो. लाटेने टोक खालीवर होतच असतं. त्या तालात न बसणारी एक टिचकी ओळखायची. काही वेळा उलटंच होतं: वाकलेली काठी अचानक सरळ होते, वजन गेल्यासारखी. मासा चारा घेऊन वर निघालेला असतो. तेव्हा कप्तानाने इंजिन पुढे रेटायचं आणि रिळावरच्याने वेड्यासारखं गुंडाळायचं, कारण पाचशे मीटरांतला सैलपणा निघाल्याखेरीज गरी माशाच्या तोंडात रुतत नाही. काठी उचलून झटका देणं, जे चोणकीला आपण सवयीने करतो, इथे निरुपयोगी आहे. पुढे ड्रॅग हलका ठेवायचा. तलवार माशाचं तोंड मऊ असतं, जोर केला की गरी मांस फाडून निसटते. आणि ढेकूळ तुटलं नसलं तर ते लीडरबरोबर वर येतं तेव्हा कोणीतरी काठाबाहेर वाकून हाताने ते सोडवायचं, खाली तीस मीटरवर मासा जिवंत असताना. बोटीवरचं सगळ्यात धोक्याचं काम हे. ते करणारा फोटोत बहुतेक कोपऱ्यात असतो.

मग आपल्याकडे हे का नाही? मासा आहे. मुंबईत १९४६ साली सुरू झालेल्या खोल समुद्र मासेमारी केंद्रातून पुढे फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया झाली, तिचा एक तळ मुरगावला आहे. तिथून सुटणाऱ्या लाँगलाइन जहाजांच्या गऱ्यांना कुप्याबरोबर तलवार मासाही लागतो. अशा जहाजावर काम केलेल्या एका निवृत्त खलाशाने मला तिथलं वेळापत्रक सांगितलं: पहाटेच्या काळोखात बांगडा लावलेल्या शेकडो गऱ्या सोडायच्या, दुपारपासून ओढायला घ्यायच्या, शंभर गऱ्यांमागे किती लागले ते वहीत लिहायचं. कधी तलवार माशाचं नुसतं डोकं वर यायचं, धड शार्कने नेलेलं. वहीत तोही एक मासा. त्या गऱ्या पन्नास-शंभर मीटरवर टांगलेल्या, आणि दिवसा मासा त्याखाली. म्हणजे त्या वहीत दिसतो तो आकडा आपल्या समुद्रातल्या तलवार माशांचा नव्हे, वाट चुकून वर राहिलेल्यांचा आहे असं माझं मत. खलाशाला ते मान्य नाही. तो म्हणतो, मासा वाट चुकत नाही, भूक चुकते.

दक्षिणेकडच्यांना हे पाणी चांगलं ठाऊक आहे. २०१७च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार महाराष्ट्राच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. देवगडच्या लोकांनी त्यांची जेवणाखाणाची सोय केली. गऱ्यांवर खोल समुद्रात महिना-महिना राहणाऱ्या अशा बोटींवर कन्याकुमारीजवळच्या तूत्तूर पट्ट्यातले खलाशी मोठ्या संख्येने असतात, आणि शार्क, कुपा, तलवार मासा हे त्यांचं नेहमीचं काम. आपल्या तांडेलांनी देवगडात त्यांच्या गऱ्या हातात घेऊन पाहिल्या असत्या तर निम्मी शिकवणी तिथेच झाली असती.

पण त्यांची किंवा फ्लोरिडाची रीत जशीच्या तशी उचलता येत नाही, याला एक कारण अरबी समुद्रातच आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ज्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला तो प्राणवायूचा दुष्काळी थर आपल्या समोर, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पसरलेला आहे. जगातल्या सगळ्यात जाड अशा थरांपैकी हा एक. तलवार मासा कमी प्राणवायूत काही वेळ काढतो, पण कॅरी आणि रॉबिसन यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे माशांना ध्वनियंत्रं लावून पाहिलं तेव्हा दिवसा ते मधूनच वर येऊन पृष्ठभागावर पडून राहताना दिसले. खालची उधारी फेडायला ते वर येत असावेत असा त्यांचा तर्क. कॅलिफोर्निया, पेरू, चिली, हा मासा दिवसा ऊन खाताना सापडतो अशा या ठिकाणी खालचं पाणी असंच गुदमरलेलं आहे. हे खरं असेल तर आपल्याकडे पाचशे मीटरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. दोन-तीनशे मीटरवर, थराच्या वरच्या अंगाला गरी ठेवावी, आणि एका माणसाला डोलकाठीवर चढवून पर बघायला बसवावं. बॉशनची जुनी रीत आणि स्टॅन्झिकची नवी, दोन्ही एका बोटीवर. सर्वेक्षणाचे आकडे याला साथ देतात की नाही हे कोणीतरी नीट तपासायला हवं; मला ही कल्पना सोडवत नाही.

खरी अडचण अंतराची आहे. अमेरिकेच्या त्या टोकाला धक्क्यापासून तासा-दोन तासांत पाचशे मीटर पाणी मिळतं. पेडण्यासमोर उथळ पठार शंभर किलोमीटरच्या पुढे पसरलेलं आहे. कडा जवळ करायची तर मालवणपासून १०५ किलोमीटरवर असलेल्या, कान्होजी आंग्रे यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेकडे बघावं लागतं: वरती वीस-बावीस मीटरवर पोवळी, आणि बाजूला समुद्र सरळ चारशे मीटर कोसळलेला. माकूल, कुपा, सगळं अशाच उतारांवर जमतं. जूनच्या पहिल्या तारखेपासून दोन महिने यांत्रिक बोटींना बंदी, पुढे पावसाचा समुद्र; म्हणजे खात्रीचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच.

हे सगळं केरीच्या तांडेलासमोर मांडलं तेव्हा त्याने दोरीबद्दल, दिव्याबद्दल, माशाच्या गरम डोळ्याबद्दल नीट ऐकून घेतलं. डोळ्याची गोष्ट त्याला फार आवडली, ती त्याने दोनदा सांगायला लावली. मग बोटाने वाळूत हिशेब केला: आठ तास जाणं, आठ तास येणं, एक दिवस तिथे, बर्फ, चार खलाशी.

"इतक्या डिझेलात इसवण किती गावतली ती सांग आधी."

मी सांगितलं. तो उठला आणि होडीतलं पाणी उपसायला गेला. जाताना एवढंच म्हणाला की हवा बरी असली तर जानेवारीत विचार, पण शिसं नको, सिमेंटच आण.